झुंबराखाली बसून रडणाऱ्यांची बाजू

परवा रात्री साडेबाराला कानात इयरफोन घालून, ब्राइटनेस पार खाली आणून, मी मोबाईलवर बाजीराव मस्तानी बघत होते. कितव्यांदा ते विचारू नका. आरसेमहालातलं गाणं लागलेलं, ती सोनेरी घेर फिरवत गिरकी घेतीये, जिकडेतिकडे आरशात तीच ती दिसतीये, तो आपला खुळ्यासारखा बघत बसलाय, आणि मी उशीच्या अभ्र्याला नाक पुसतीये. तेवढ्यात नवऱ्याला जाग आली. "काय बघतेस गं एवढ्या रात्री?" आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "काही नाही रे, डॉक्युमेंट्री आहे, पेशव्यांवरची."

म्हणजे बघा, बेचाळीस वर्षांची बाई, स्वतःच्या पगारातून होमलोनचे हप्ते भरते, आणि एका पिक्चरपायी नवऱ्याशी खोटं बोलते. तो काही रागावणार नव्हता, फार तर हसला असता. पण ते हसणंच तर नको असतं ना. मग मला झोप लागेना, कारण आठवलं की आदल्याच आठवड्यात आम्ही दोघांनी हॉलमध्ये बसून एक लढाईचा ऐतिहासिक पिक्चर बघितला होता, त्यात एक माणूस एकटा पन्नास जणांना कापतो, छातीत पाच-सहा बाण रुतलेत तरी अख्खं भाषण देतो, घोडा स्लो मोशनमध्ये दरी ओलांडतो, आणि तो आम्ही फुल आवाजात बघितला, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असा. तेव्हा काही मला डॉक्युमेंट्री आठवली नाही.

तर माझं म्हणणं असं आहे की ही लाज आपण भलत्या जागी बाळगतो. लाज वाटावी असं या पिक्चरांमध्ये आहे काहीतरी, नक्की आहे, त्याच्याकडे येतेच मी. पण झुंबरं, भरजरी कपडे आणि आपलं रडू यांच्यात ते सापडायचं नाही.

माझा एक मित्र आहे, फिल्म क्लबवाला. त्याच्या तोंडी "मेलोड्रामा" ही शिवी आहे. एखाद्या पिक्चरमध्ये कुणी मोठ्याने रडलं, पाठीमागे व्हायोलिनं वाजली, पाऊस पडला की याचा चेहरा कडू. आता या शब्दाचं मूळ बघा, ग्रीकमध्ये मेलॉस म्हणजे गाणं, त्याला जोडलं ड्रामा. त्याचं सरळ मराठी करा बरं. संगीत नाटक! म्हणजे ज्याच्या नावाने आपल्या आजोबा-पणजोबांनी दागिने गहाण टाकले, ज्याच्या नाट्यपदांच्या कार्यक्रमाला अजून हा मित्र झब्बा घालून जातो, ते. १८८२ सालचं सौभद्र म्हणजे दुसरं काय हो, भरजरी कपड्यांतली लव्हस्टोरी, घरचे दुसरीकडे लग्न ठरवतायत, हिरो संन्याशाचं सोंग घेऊन तिच्याच घरात येऊन राहतो, आणि दर पाच मिनिटांनी सगळं थांबवून कुणीतरी गातं. बालगंधर्वांचे शालू खरे रेशमी लागायचे, रंगमंचावर अत्तर खरं लागायचं, त्यात कंपनी कर्जात बुडाली, आणि आपण हे अजून कौतुकाने सांगतो. मानापमानचा पहिला प्रयोग, १९११, त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली आणि ते तसेच तोंडाला रंग लावून उभे राहिले, ही गोष्ट सांगताना तर कुणाचाही गळा दाटतो. मग हा मेलोड्रामा नाही तर काय आहे? फक्त तो आपल्या आजोबांचा आहे म्हणून त्याला वारसा म्हणायचं.

आणि जुनंच कशाला, २०१५ ची दिवाळी आठवा. नोव्हेंबरमध्ये कट्यार काळजात घुसली आला. संस्थान, दरबार, झुंबरं, कट्यारीचा मान, शेंदूर खायला घालून गवयाचा आवाज घालवतात, सूडासाठी आलेला शिष्य वैऱ्याच्या सुरांवरच भाळतो. अख्खा महाराष्ट्र थेटरात रडला आणि बाहेर येऊन अभिमानाने स्टेटस टाकले, मीपण. साधारण पाच आठवड्यांनी, १८ डिसेंबरला, बाजीराव मस्तानी लागला. तेच दरबार, तेच दिवे, तसंच छाती फोडून गाणं. तेव्हा मात्र सगळे एकदम इतिहासकार झाले. आता कट्यारमधलं संस्थान काल्पनिक, हे पेशवे खरे, हा फरक मला मान्य आहे, मी काही एवढी भोळी नाही. पण नुसता तेवढाच फरक होता असं वाटत नाही मला. कट्यारमध्ये पुरुष कलेसाठी रडतात. यात एक पुरुष बाईसाठी रडतो, आणि तो अजिंक्य सेनापती असताना रडतो, ते आपल्याला पचत नाही. बाईसाठी रडणं बायकी, आणि ते बघून रडणाऱ्या तर बायकाच. १९९१ ला माहेरची साडी आला तेव्हा माझी आत्या चाळीतल्या सगळ्या बायकांना घेऊन गेली होती, येताना सगळ्यांचे डोळे सुजलेले, आणि घरातले पुरुष आठवडाभर त्यांची नक्कल करून हसत होते. हेच पुरुष क्रिकेटची मॅच हरली की जेवायचे नाहीत. कुणी हसलं नाही त्यांना.

बरं, आता इतिहासवाल्यांचं. त्यांचा राग मी हसण्यावारी नेणार नाही कारण त्यात तथ्य आहे. पिंग्याचं गाणं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला, पुण्यात निदर्शनं झाली. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताहेत हे घडलेलं नाहीच, घडणं शक्यही नव्हतं, पेशव्यांच्या घरातली बाई अशी चारचौघांत नाचेल हे त्या काळात कुणाच्या स्वप्नात आलं नसतं, शिवाय काशीबाईंना पायाचं दुखणं होतं म्हणतात. पिंगा हा मंगळागौरीचा खेळ आहे, रात्री जागवायला, घरातल्या बायका घरातल्या बायकांसमोर खेळतात. माझ्या मावशीचा पिंगा ज्याने बघितलाय त्याला पडद्यावरचं ते कंबर हलवणं बघून हसूच येईल, कारण मावशीच्या पिंग्यात कंबर कमी आणि टोमणे जास्त. आणि शेवट? तो नदीत भ्रमात तलवार चालवतोय, इकडे ही साखळदंडात, आणि दोघं एकाच क्षणी जातात. प्रत्यक्षात बाजीराव २८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीला तापाने गेले, मुक्काम पडलेला असताना. चाळीससुद्धा पूर्ण नव्हते. त्यानंतर थोड्याच काळात मस्तानी गेली, कशाने ते इतिहासात धड नोंदलेलं नाही.

आणि इथेच माझी गाडी अडते. नोंदलेलं का नाही?

पेशवे दफ्तरातले निवडक कागद रियासतकार सरदेसायांनी छापले तेच ४५ खंड झाले. कुठल्या घोड्याला किती चंदी, कुठल्या गावाचा वसूल किती, कुणाला कुठे रुमाल दिला, सगळं आहे. मस्तानी त्या घरच्यांच्या पत्रांतून डोकावते ती एक कटकट म्हणून, हिला ठेवायचं कुठे, सोडायची की नाही. ती काय म्हणाली, तिला काय वाटलं, पोराला आत घेत नाहीत म्हटल्यावर ती कुणाशी भांडली, शून्य. १७४० च्या सुरुवातीला घरात बाजीरावांच्या मुलाची, राघोबाची मुंज आणि पुतण्या सदाशिवरावाचं लग्न, ब्राह्मण अडून बसायच्या तयारीत, आणि ही बाई नजरकैदेत. म्हणजे ज्या माणसाला निजाम अडवू शकला नाही त्याला एका मुंजीच्या यादीने अडवलं. इतिहासाच्या पुस्तकात याला अर्धं पान मिळतं, पालखेडच्या लढाईला आठ. पालखेडला मिळू देत की, माझं काही म्हणणं नाही. पण उरलेल्या साडेसात पानांचं रडू कुणीतरी रडायला नको का? कागद गप्प आहेत म्हणून तिथे गाणं घालतात लोक. वेडंवाकडं घालतात, चुकीच्या ठेक्यात घालतात, पण घालतात. ना. सं. इनामदारांनी राऊ लिहिली तेव्हाही तेच केलं आणि ती कादंबरी आपल्या घराघरात आहे, तिच्यावर कुणी मोर्चा काढला नाही, कारण कादंबरीला कंबर नसते.

मी एकदा पाबळला गेले होते, मस्तानीच्या कबरीवर. शिरूर तालुका, पुण्याहून दीड-दोन तास. साधी दगडी भिंत, आत साधा चौथरा, त्याच्यावर चादर. मजार म्हणणारेही येतात, समाधी म्हणणारेही येतात. मी गेले तेव्हा आम्ही दोघी-तिघी सोडल्या तर एक म्हातारे गृहस्थ सावलीत बसलेले, त्यांना मी विचारलं गर्दी असते का, तर म्हणाले, "पिक्चर आला तेव्हा होती दोन वर्षं." बास. आता इतिहासवाल्यांनी मला सांगावं की त्या पिक्चरच्या आधी इथे शाळेची किती सहल यायची. शनिवारवाड्याच्या मस्तानी दरवाजातून आत-बाहेर करणाऱ्यांपैकी कितीजणांना समशेर बहादूर माहीत होता? तोच हिचा मुलगा, आई गेल्यावर वाड्यातच वाढला, आणि पानिपतावर लढून १७६१ मध्ये जखमांनी गेला, पंचविशी-सत्ताविशीत. ज्या घराने पंगतीत पाट दिला नाही त्या घरासाठी. यावर मेलोड्रामा न करता कसं काय लिहायचं, ते मला खरंच कुणीतरी शिकवा.

(इथे फिल्म क्लबवाला मित्र म्हणेल की शांतपणे, संयमाने लिहायचं. हो बाबा. तू लिही.)

मुघल-ए-आझमचं तर मला कायम नवल वाटतं. तो पिक्चर इतिहास सोडून देण्यात बाजीराव मस्तानीच्या कितीतरी पुढे गेलेला. जहांगीराने स्वतःच्या हाताने आत्मचरित्र लिहून ठेवलंय, त्यात अनारकलीचा पत्ता नाही. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट मुख्यतः १९२२ च्या एका उर्दू नाटकातून आलेली. तरी १९६० च्या ऑगस्टमध्ये मराठा मंदिरला लागला तेव्हा माझी आजी गिरगावातून डबा घेऊन रांगेत उभी होती, आणि जोधाबाईच्या वेशात दुर्गा खोटे आल्या की "आपली दुर्गाबाई" म्हणून शेजारणीला कोपर मारायची. २००४ ला तो रंगवून परत लावला तेव्हा आईला मी घेऊन गेले. तो पिसाचा सीन आहे बघा, रात्र, बाग, लांबून तानसेनाचा आलाप येतोय, म्हणजे खरा आवाज बडे गुलाम अली खाँसाहेबांचा, सोहनी, आणि सलीम एका पांढऱ्या पिसाने तिच्या चेहऱ्याला नुसता स्पर्श करतोय. बाकी काही घडत नाही. कुणी बोलत नाही. मधुबाला डोळे मिटते तेव्हा आईने माझा हात धरला होता, तिच्या लक्षातही नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणाली, "रंग दिला ते बरं नाही केलं. त्या पिसाचा पांढरेपणाच गेला."

त्या पिक्चरमध्ये एक बादशहा, तो पण अकबर, एका नाचणाऱ्या दासीला घाबरतो. अख्खं सैन्य घेऊन पोरावर चालून जातो. खोटं आहे? शंभर टक्के. पण मुलगा कुणाशी लग्न करणार हा प्रश्न घरातला नसतो, तो सत्तेचा असतो, हे एवढ्या मोठ्या आवाजात दुसऱ्या कुणी सांगितलं? आजही जातीबाहेर लग्न केलं म्हणून पोरं मारली जातात आपल्याकडे, आणि त्याची बातमी आपण पान चारवर वाचून उलटतो. मग अनारकलीसाठी का रडतो? मला वाटतं तिथे परवानगी असते. अंधार असतो, व्हायोलिनं असतात, कपडे इतके भारी असतात की हे आपल्या घरातलं चाललंय हे कळत नाही, आणि कळायच्या आत पाणी आलेलं असतं.

आता त्या लाजेकडे येते, म्हटलं होतं ना.

हीच जी ताकद आहे, डोक्याच्या आधी डोळ्यांनी बाजू घ्यायची, ती सरळ धोकादायक आहे. पद्मावत २०१८ चा. त्याच्याआधी वर्षभर काय झालं आठवतंय ना, जयपूरला सेटवर तोडफोड, मग मार्च २०१७ ला आपल्या कोल्हापूरजवळ मसाई पठारावर सेट जाळला, नटीचं नाक कापायच्या धमक्या, नाव बदललं, घूमरमधली उघडी कंबर कॉम्प्युटरवर झाकली, राज्यांनी बंदी घातली ती सुप्रीम कोर्टाने उठवली. आणि हे सगळं कशासाठी? तर राणीचा आणि खिलजीचा स्वप्नात का होईना पण काही रोमान्स दाखवतील या भीतीने. तो काही नव्हताच पिक्चरमध्ये. जे होतं ते शेवटी होतं. लाल-केशरी कपड्यांतल्या शेकडो बायका, दिवे, सूर चढत चाललेला, त्यात एक पोटुशी बाई, लहान मुली, आणि सगळ्या आगीकडे चालल्यात, आणि ते इतकं सुंदर दिसतंय, इतकं सुंदर, की मी थेटरात बसून रडले आणि मला अभिमानाने भरून आलं. अभिमानाने! बाहेर पार्किंगमध्ये स्कूटरची किल्ली शोधताना मला कळलं आपल्याला आत्ता काय वाटत होतं. त्या रडण्याची मला आजही लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

पिक्चरच्या सुरुवातीला पाटी होती, आम्ही असल्या प्रथांचं समर्थन करत नाही. मला या पाट्यांचं हसू येतं. सिगरेटच्या पाकिटावरचा फोटो तरी भयंकर असतो. इथे वकिली भाषेतलं एक वाक्य, आणि समोर शंभर व्हायोलिनं. कोण जिंकणार? ४ सप्टेंबर १९८७ ला राजस्थानात देवरालात रूपकंवर नावाची अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या चितेवर जळाली, हजारो लोक तिथे नारळ घेऊन गेले, त्यानंतर कडक कायदा आला, आणि त्या कायद्यात सतीचं उदात्तीकरण हाही गुन्हा आहे. गोष्ट तेराशे-चौदाशेतली नाहीये, माझ्या लहानपणची आहे.

म्हणून माझं सोपं आहे. बंदी कुठल्याच पिक्चरवर नको, जाळपोळ तर नकोच नको, आणि कंबर, पदर, पिंगा यावर वाद घालायचाच असेल तर खुशाल घाला, माझा वेळ नका घेऊ. मी एवढंच बघते की व्हायोलिनं कुणासाठी वाजतायत. घराबाहेर ठेवलेल्या बाईसाठी वाजतायत तर मी उघड रडेन, इयरफोन काढून. जळणाऱ्या बाईसाठी वाजतायत आणि ती जळताना मला छान वाटावं म्हणून वाजतायत, तर मग मी दिग्दर्शकाला विचारेन की बाबा, हे सौंदर्य कुणाच्या फायद्याचं?

आणि राजपुतांकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. आपल्याकडे रमा-माधव आहेतच की. रणजित देसाईंची स्वामी, १९६२, साहित्य अकादमी मिळालेली, मग सीरियल, मग नाटकं-पिक्चर. आमच्या घरात त्या कादंबरीचा शेवट वाचून न रडलेली बाई नाही, मी दहावीत वाचली तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. १८ नोव्हेंबर १७७२, माधवराव थेऊरला क्षयाने गेले, वय सत्तावीस, आणि रमाबाई सती गेल्या. आपण काय म्हणतो त्याला? केवढं प्रेम. लग्नात मुलामुलीची जोडी बघून अजून म्हणतात, रमा-माधव आहेत अगदी. कुणी क्षणभर थांबून बघत नाही की त्या उपमेत एक आग आहे. पद्मावतवर तावातावाने लिहिणारी मी, मी स्वतः माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात माईकवर हेच बोलले आहे, व्हिडिओ आहे.

मागच्या वर्षी आईला थेऊरला नेलं, चिंतामणीच्या दर्शनाला. दर्शन झाल्यावर नदीकडे रमाबाईंचं वृंदावन आहे तिकडे गेलो. आईने पर्समधून हळदकुंकवाची पुडी काढली, वाहिलं, डोकं टेकवलं, आणि माझ्याकडे पुडी धरली. मी म्हटलं मी नाही. ती काही बोलली नाही. पुडी दुमडून परत पर्समध्ये ठेवली, चेन लावली. गाडीत बसल्यावर बराच वेळ दोघी गप्प. लोणी काळभोरच्या सिग्नलला म्हणाली, "किती वर्षांची होती गं ती?"

मी म्हटलं, "लहानच होती आई. खूप लहान."

"हं." मग खिडकीबाहेर बघत, "ती सीरियल कुठे मिळेल का बघायला? शेवटचा भाग नको लावूस."